खळग्यातली इमारत

इमारत दिसत नव्हती, आणि म्हणूनच ती पसंत पडली होती.

निवलेल्या ज्वालामुखीच्या उतारावर, उद्यानात येणाऱ्या लोकांसाठी एक केंद्र बांधायचं होतं. लोकांनी तिथे टेकावं, डोंगर कसा पेटला आणि कसा थंड झाला ते समजून घ्यावं, चहा प्यावा, मुलांना शू करून आणावं आणि वाटेला लागावं, एवढंच. बाकीच्या आर्किटेक्टांनी काचेचे मनोरे पाठवले होते. एकाने तर इमारतीलाच ज्वालामुखीचा आकार देऊन वर लाल दिवे लावले होते. धाकटीने पाठवलेल्या चित्रात नुसता डोंगर होता. काळा थिजलेला लाव्हा, त्यावर शेवाळाची हिरवट साय आणि एका कोपऱ्यात एक सावली, तीही डोळे बारीक करून पाहिलं तरच. निवड समितीतल्या एकाने म्हणे चित्र उलटं करून पाहिलं, इमारत मागच्या बाजूला काढली आहे की काय म्हणून.

"जन्मभर लपत आलीस," ताई म्हणाली, "आता त्यालाच पहिला नंबर मिळाला. घे!"

धाकटी पन्नाशीला टेकली होती, तरी सगळे तिला धाकटीच म्हणत, गिऱ्हाइकंसुद्धा. कारण कचेरीत ताईही होती. घराच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या म्हणजे कचेरी, वर ताई आणि भावोजी, आणि त्यांच्याही वर गच्चीला लागून धाकटीची खोली. इमारत कशी असावी ते धाकटी ठरवायची आणि ती पडणार नाही हे ताई बघायची. भावोजी शाळेतून निवृत्त झाल्यापासून फोन घ्यायचे, चहा करायचे आणि दोघींच्या भांडणात ज्या दिवशी जी हरत असेल तिची बाजू घ्यायचे. इतकी वर्षं दोघींनी कामं केली ती अशी: कुणाचा जिना वाढव, कुणाला गाडीसाठी छप्पर घालून दे, शाळेची गळकी गच्ची नीट कर. सगळी लोकांच्या इमारतींना जोडलेली शेपटं. पायापासून छपरापर्यंत जिला माझी म्हणावं अशी इमारत धाकटीच्या हातून झालीच नव्हती. ही पहिली, आणि वयाचा विचार करता बहुधा शेवटची. ती हे बोलून दाखवत नसे. पण निवडीचं कळलं त्या दिवशी ती वर खोलीत जाऊन दार लावून बसली, तेव्हा भावोजींनी जेवणाचं ताट झाकून जिन्यावर ठेवलं आणि कुणालाही हाक मारू दिली नाही.

जागा तिनेच शोधली होती. पायवाटेच्या वरच्या अंगाला लाव्हाचा एक दांडगा ओघ गोठून राहिला होता आणि त्याच्या पोटात, ओल्या मातीत मूठ दाबून काढावी तसा, एक खळगा होता. तिन्ही बाजूंना काळ्या भिंती, चौथ्या बाजूने उतरायला जेमतेम वाट. वर वारा कानशिलात मारत होता. खाली पानसुद्धा हललं नसतं. पान असतं तर. पक्षी नाही, कोळ्याचं जाळं नाही, किड्याची किरकिर नाही. धाकटीने तिथे डबा उघडला आणि म्हणाली, "इथे तर माशीसुद्धा येत नाही गं."

"शहाणी आहे माशी," ताई धापा टाकत म्हणाली. "एवढं उतरून परत चढायचं कुणी?"

त्या शांततेनेच धाकटीला जिंकलं. आणि भिंतींवरच्या रेघेने. शेवाळ काठावरून भिंतीवर उतरत आलं होतं आणि जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर एकदम थांबलं होतं. त्याच्याखाली उघडा तपकिरी खडक. ती सीमा सगळीकडे एका पातळीत होती, भरलेला हौद रिकामा केल्यावर भिंतीला रेघ राहते तशी. धाकटीने चित्रात आपल्या भिंती तशाच रंगवल्या: वर हिरवट, खाली तपकिरी. मिटिंगमध्ये कुणी कौतुक केलं की ती म्हणायची, "मी काही केलं नाही. रेघ तिथे होतीच, मी गिरवली."

एकच अडचण होती. खळगा हवा तेवढा खोल नव्हता. छप्पर काठाशी मिळून यावं, लांबून पाहणाऱ्याला सलग डोंगरच दिसावा, असं हवं असेल तर जमीन आणखी पुरुषभर खाली न्यावी लागणार होती. ताईने कुरकुर केली, कारण खडक फोडणं तिच्या वाट्याचं होतं. मग हिशेब मांडून दिला.

डोंगर निवला होता, मेला नव्हता. त्याच्या फटींतून अजूनही कुठे कुठे वायू सुटायचा. म्हणून वेधशाळेतल्या वायुतज्ज्ञांना बोलावलं होतं. उंच, वाकलेला, अतिशय सभ्य माणूस. गळ्यात यंत्र अडकवून आणि त्याची नळी शर्टाच्या कॉलरला टाचून ते दुपारभर उतारावर हिंडले. ताईने त्यांचं तिथल्या तिथे बारसं केलं: नाकवाले. मिटिंगमध्ये नाकवाल्यांनी नकाशावर बोट फिरवत सांगितलं, "चालत्या माणसाच्या नाकाशी हवा स्वच्छ आहे. वाटेवर आहे, खळग्यातही आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि बिस्किटांची बशी पुढे सरकली.

मग दोऱ्यांचा दिवस आला. ही या दोघी बहिणींची पद्धत होती, आणि त्यांना तिचा अभिमान होता. खोदकामाआधी त्या अख्खं बांधकाम खऱ्या मापाने जमिनीवर दोऱ्यांनी आखायच्या आणि ज्यांना ते वापरायचं त्यांना आत फिरायला बोलवायच्या. कागदावर माणूस हो म्हणतो. दोरीत उभा केला की खरं बोलतो. त्या दुपारी खळग्यात उद्यानाच्या अधीक्षकबाई आल्या, वाटाडे आले, झाडूवाल्या आल्या. अधीक्षकबाई तिकिटाच्या खिडकीत स्टुलावर बसल्या. दोन वाटाड्यांचं मोरीच्या दारावरून वाजलं.

"अहो, भिंतीतून काय जाताय!" ताई ओरडत होती. "दार तिकडे आहे, दार!"

"भिंत कुठंय, ताई?"

"दोरी म्हणजे भिंत! उद्या डोकं आपटलं की कळेल."

काठावरून थोडा वारा खाली उतरत होता, ऊन होतं, सगळे खूश होते. धाकटी मुलांच्या गोष्टींच्या कोपऱ्यात मांडी घालून बसली आणि पोटभर हसली. ती अशी हसली की ताई तिच्याकडे जरा संशयानेच बघे.

खोदकाम सुरू व्हायच्या आधी खालचा खडक कसा आहे ते ताईला हाताने पाहायचं होतं. म्हणून खळग्याच्या मधोमध, जिथे केंद्राची जमीन येणार होती तेवढा खोल, एक चौकोनी खड्डा यंत्राने घेतला गेला. दुसऱ्या दिवशी दोघी भल्या पहाटेच निघाल्या, कारण भावोजींना दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं आणि ते एकटे जायला तयार नव्हते. पोचल्या तेव्हा नुकतं उजाडलं होतं. दगडांवर दहिवर होतं आणि वारा अगदी पडलेला. ताई हातोडा घेऊन शिडीने खड्ड्यात उतरली. धाकटी वर काठाशी उभी राहून फोटो घेत होती.

"खडक बरा आहे," खालून ताई म्हणाली. "तुझ्या भावोजींच्या दाढेपेक्षा तरी बरा." ठक्. ठक्. "इकडे जरा पोकळ वाजतोय. लिहून घे." ठक्. "हे बघ, इथे फट आहे..."

मग ती बोलायची थांबली.

ताई गप्प बसली की काहीतरी बिघडलंय असं धाकटीला लहानपणापासून वाटायचं, आणि बहुतेकदा ते खरं असायचं.

"ताई?"

"थांब गं. धाप लागलीय."

"तीन तर घाव घातलेस."

"वजन वाढलंय. डोकंही गरगरतंय. बसते जरा."

धाकटीने वाकून पाहिलं. ताई खड्ड्याच्या तळाशी भिंतीला टेकून बसली होती. चेहरा लालभडक, खांदे वरखाली होत होते, जणू जिने चढून आली आहे. धाकटी शिडी उतरू लागली. तिचं डोकं खड्ड्याच्या काठाखाली गेलं आणि नाकात एकदम झिणझिणलं. सोडा घाईघाईने प्यायला की नाकात चढतो तसं. तोंडाला आंबट चव आली. एक पायरी वर चढली, झिणझिण्या थांबल्या. एक पायरी उतरली, पुन्हा आल्या.

त्या क्षणी तिला सगळं कळलं असं नव्हे. सोडा कशाने फसफसतो एवढं आठवलं, आणि तो वायू हवेपेक्षा जड असतो, एवढं. तेवढं पुरलं.

"ऊठ," ती म्हणाली.

"अगं, दोन मिनिटं..."

"बसायचं नाही! उभी राहा. ताई, उभी राहा आणि तोंड वर कर!"

या आवाजात धाकटी ताईशी उभ्या जन्मात बोलली नव्हती. त्या धक्क्यानेच बहुधा ताई उठली. धाकटीने वर जाऊन छातीत हवा भरून घेतली, श्वास कोंडून खाली उडी मारली, ताईच्या मागे खांदा लावला आणि तिला शिडीवर रेटलं. ताईचं वजन खरंच वाढलं होतं. वर आल्यावर ताई तिथेच आडवी व्हायला लागली, तर धाकटीने तिला दंडाला धरून ओढलं. "इथे नाही. अजून वर. काठावर चल." अडखळत, एकमेकींवर आदळत दोघी खळग्याच्या काठावर पोचल्या, आणि तिथे, अगदी बारीक का होईना, वारा होता.

ताई बराच वेळ नुसती श्वास घेत राहिली. लाली उतरली. ओठ ओठांच्या रंगाचे झाले. मग तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "माझा हातोडा खाली राहिला."

"मी नाही आणणार."

"चांगला होता गं हातोडा."

धाकटीला हसू फुटलं आणि हसता हसता ती रडायला लागली. ताईच्या मांडीत डोकं खुपसून ती इतकी रडली की शेवटी ताईच तिच्या पाठीवर थोपटत म्हणाली, "अगं, मेले असते तर काय केलं असतंस? आहे ना मी? नाक पूस. ती माझी साडी नाही, कामाची पँट आहे, तिलाच पूस."

नाक पुसून धाकटीने खाली पाहिलं. खळगा होता तसाच होता, शांत, स्वच्छ, सुंदर. भिंतीवर वरपासून हिरवं, मग रेघ, मग तपकिरी. हौद रिकामा केल्यावर राहते तशी, असं ती सगळ्यांना सांगत आली होती. हौद रिकामा नव्हता. तो रोज पहाटे भरत होता आणि वारा सुटला की उपसला जात होता. जिथवर भरत होता तिथवर शेवाळ टिकत नव्हतं, आणि माशी तर फिरकतच नव्हती. तिने ती रेघ इतक्या मन लावून गिरवली होती, आणि ती कशाची आहे हे एकदाही विचारलं नव्हतं.

नाकवाले धावतपळत आले. ताईला आधी डॉक्टरांनी तपासलं होतं आणि घरी सोडलं होतं, पण ती घरी कसली थांबतेय. दुपारी तीही काठावर हजर. पहाटेशिवाय नीट कळणार नाही असं नाकवाले म्हणाले, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा उजाडताना आले. खाली कुणी उतरलं नाही. नाकवाल्यांनी यंत्र दोरीला बांधून काठावरून खळग्यात सोडलं. माणसाच्या नाकाच्या उंचीला ते गप्प होतं. आणखी खाली, गुडघ्याशी पोचताच टिकटिकू लागलं. खड्ड्यात सोडलं आणि ते जे किंचाळलं ते डोंगरभर ऐकू गेलं.

नाकवाल्यांचा चेहरा उतरला. "मी चुकीचं सांगितलं नव्हतं हो," ते पुन्हा पुन्हा म्हणू लागले. "चालत्या माणसाच्या नाकाशी... दुपारी मोजलं ही चूक झाली, ती मान्य. पण नाकाशी तर आत्ताही स्वच्छ आहे. तुम्ही जमीन खाली नेणार हे मला कुणी... मला दाखवला तो वरून काढलेला नकाशा होता."

वरून काढलेल्या नकाशात भिंती दिसतात, दारं दिसतात. खाली किती उतरायचं ते दिसत नाही. त्यासाठी उभा छेद काढतात, आणि तो छेद ताईच्या टेबलावर होता.

"तुम्ही खरंच मोजलंत," ताई म्हणाली. "आम्हीही खरंच काढलं. फक्त तुम्ही आहे त्या जमिनीवर मोजलंत आणि आम्ही नाही त्या जमिनीवर बांधायला निघालो. आणि दोऱ्यांच्या दिवशी एवढी माणसं आपल्या इमारतीत हिंडवली ना गं आपण? सगळी पुरुषभर हवेत चालत होती!"

पुढचे काही दिवस धाकटी खाली कचेरीत बसून पंखे काढत होती. तळाशी हवा ओढणारी नळी, तिला मोठा पंखा, तो बंद पडला तर दुसरा, वीज गेली तर तिसरा बॅटरीवर, भिंतीत धोक्याच्या घंटा. हिशेबात सगळं बसत होतं. इमारत जागची हलणार नव्हती, छप्पर काठाशी मिळून राहणार होतं. अधीक्षकबाईंना नुसतं एवढंच सांगायचं की थोडी यंत्रसामग्री वाढली. लोक अशी कामं करतात. ती काही गुन्हा करत नव्हती. नाहीतर काय सांगणार? की तुम्ही निवडलेली इमारत बांधताच येणार नाही? मग काम मनोरेवाल्याकडे जाईल, नाहीतर लाल दिवेवाल्याकडे.

भावोजी चहा ठेवून गेले. ताई चष्मा लावून तिच्या खुर्चीमागे उभी राहिली आणि तिने सगळी चित्रं नीट, एक एक करून पाहिली.

"चांगलं केलंयस," ती म्हणाली. "पंखे पुरतील. मी तपासून देईन." मग जरा वेळाने, "हा गोष्टींचा कोपरा कुठे आला?"

"तिथेच. सगळ्यात खाली."

"हं. मग मी तिथे बसू का गं? पहाटे. वारा पडलेला असताना. तुझ्या पंख्यांच्या भरवशावर?"

आवाजात टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. धाकटीने तोंड उघडलं आणि तिला हो म्हणता येईना. ताई तिच्या डोळ्यांपुढे त्या भिंतीला टेकून बसली होती, खांदे वरखाली होत होते.

"नको," ती म्हणाली.

"मग झालं तर," ताई म्हणाली आणि थंड झालेला चहा दोघींसाठी परत गरम करायला गेली.

पंखे टोपलीत गेले. धाकटीने मातीचा गोळा घेऊन खळग्याचा नमुना केला. खळग्यात काही भरायचं नाही असं एकदा ठरल्यावर हात आपोआप काठाकडे गेले. काठावर, जिथे त्या दोघी येऊन पडल्या होत्या आणि बारीक वारा होता, तिथे तिने एक लांब, बसकी, अरुंद इमारत ठेवली. लाव्हाचा ओघ वळे तशी वळणारी, त्याच्यासारखीच काळपट आणि खडबडीत. तिला जमिनीत रुतवायचं नव्हतं. बारक्या पायांवर जराशी उचलायची, म्हणजे वारा पोटाखालून वाहत राहील आणि खडक फार फोडावा लागणार नाही. खळग्याच्या बाजूला लांब खिडकी. तिथून लोकांनी खाली पाहावं आणि ती रेघ कशाची ते वाटाड्यांनी सांगावं.

"दिसेल पण," ती ताईला म्हणाली, जणू कुणाचा रोग सांगते आहे.

"दिसू दे. तूही दिसतेस की. आम्ही करतोच ना सहन?"

अधीक्षकबाईंच्या कचेरीत ती एकटीच गेली. ताई येते म्हणत होती, पण हे आपलं आपणच सांगायचं असं तिने ठरवलं होतं. मातीचा नमुना तिने खोक्यात घालून मांडीवर धरला होता. कचेरी साधीच होती: टेबल, ओले रेनकोट, भिंतीवर हरवलेल्या वस्तूंचं कपाट, त्यात एकेकटे हातमोजे. ताईला काय झालं ते अधीक्षकबाईंना कळलं होतंच; का झालं ते धाकटीने सांगितलं. वायू, रेघ, वरचा नकाशा, उभा छेद. काही झाकलं नाही, नाकवाल्यांच्या माथी मारलं नाही. मग म्हणाली, "तर ती इमारत होणार नाही. दुसरी होऊ शकेल, पण ती वर काठावर येईल. आणि ती," तिने मांडीवरचं खोकं टेबलावर ठेवलं, "दिसेल. तुम्ही न दिसणारी निवडली होती. तेव्हा तुम्हाला दुसऱ्या कुणाला काम द्यायचं असेल तर ते बरोबरच ठरेल."

अधीक्षकबाईंनी नमुना खोक्यातून काढून टेबलावर ठेवला. चारी बाजूंनी पाहिला. खाली वाकून नजर टेबलाच्या पातळीवर आणून पाहिला.

"खालच्या वाटेवरून दिसेल?"

"दिसेल."

"धुक्यात?"

"दाट धुक्यात कोण दिसतं? पण विरळ असेल तर छपराची कड दिसेल. आकाशासमोर येते ना ती."

अधीक्षकबाई खुर्चीत मागे रेलल्या आणि त्यांनी एवढा मोठा सुस्कारा टाकला की टेबलावरचे कागद हलले. "सुटले बाई मी!"

"म्हणजे?" धाकटीने विचारलं.

"अहो, माझी झोप उडाली होती," अधीक्षकबाई म्हणाल्या. "दर मोसमात आमच्याकडे माणसं वाट चुकतात. दमलेली, भिजलेली, कडेवर मुलं. त्यांनी शोधायचं काय, तर जी कुणाला दिसत नाही ती इमारत! समितीत सगळे वा वा करत होते, मला बाई बोलायची लाज वाटली. म्हटलं, सौंदर्य कळत नाही असं म्हणतील. मग मी आपलं गुपचूप पाट्यांचं ठरवलं होतं. इकडे वळा, इथे आहे, पुढे आहे, मागे राहिली. उतारभर पाट्या लावणार होते मी!"

"पाट्या?" धाकटी घाबरून म्हणाली. "माझ्या डोंगरावर?"

"पिवळ्या," अधीक्षकबाई म्हणाल्या, आणि दोघी इतक्या हसल्या की बाहेरच्या शिपायाने दार किलकिलं करून पाहिलं.

समितीला मात्र डोळ्यांनी पाहायचं होतं. म्हणून पुन्हा दोऱ्यांचा दिवस ठरला, या वेळी काठावर. फक्त दोऱ्या आता जमिनीवर नव्हत्या. ताईने बांबू रोवून, खरी जमीन जिथे येणार तिथे एक दोरी आणि छप्पर येणार तिथे दुसरी, अशा उंच ताणल्या होत्या आणि त्यांवर काळं कापड टाकलं होतं. नाकवाले त्याआधीचे कितीतरी दिवस पहाटे येत होते. उभ्याने मोजत, बसून मोजत, मग पोटावर आडवे होऊन, नळी दाताखाली धरून काठभर सरपटत. "या डोंगराचा इंच न् इंच मी कपड्यांनी पुसलाय," ते म्हणाले. "इथे झोपा, लोळा, तान्हं मूल निजवा. हवा स्वच्छ आहे." आणि उभा छेद त्यांनी स्वतः मागून घेऊन खिशात ठेवला होता.

समितीची माणसं खालच्या वाटेवर उभी राहिली. धाकटी त्यांच्यात, मागे. कापड वाऱ्याने जरा फुगलं आणि बसलं. काळ्या कड्यावर काळी, वळणदार, कड्याचीच एक पायरी असावी तशी ती होती. पाहिलं तर दिसत होती. शेजारचा वाटाडा बूट बांधायला वाकला, परत वर पाहताना त्याला ती क्षणभर सापडेना, मग सापडली. धाकटीला वाटलं होतं, ती दिसेल तेव्हा आपल्याला ओशाळं वाटेल. तसं काही झालं नाही. ती नुसती तिथे होती, आणि तिच्या पोटाखालून पलीकडचं आकाश दिसत होतं.

समितीतले सर्वांत वयस्कर गृहस्थ काठी टेकत पुढे गेले आणि म्हणाले, "आत्ता मला कळलं, जायचं कुठे ते." बाकीच्यांनी माना डोलावल्या. अधीक्षकबाईंनी मागे वळून धाकटीला शोधलं आणि नुसता अंगठा वर केला.

कापड गुंडाळून, बांबू बांधून दोघी गाडीत बसल्या तेव्हा दुपार कलली होती. ताई चालवत होती.

"पाय किती घेऊ या, सांग," ताई म्हणाली. "मला वाटतं वळणावर जास्त लागतील. वारा खालून उचलणार, म्हणजे बांधून ठेवावी लागेल नीट. आणि त्या लांब खिडकीचं काय ते तू ठरव, मला काच एवढी लांब नको आहे. ऐकतेस ना?"

धाकटीचं डोकं खिडकीला टेकलं होतं, तोंड उघडं पडलं होतं आणि ती बारीक घोरत होती. ताईने एक क्षण तिचा श्वास ऐकला. आत, बाहेर, आत, बाहेर. मग तिने गाडी हळू केली, खड्डे चुकवत, आणि पायांचा हिशेब मनातल्या मनात करत ती घराकडे निघाली.